टॉपला माझं नाव आणि खाली ‘पराभव’, टीमवर्क म्हणजे नक्की काय असतं बुवा?

घणसोली_डायमंड
सोम, रात्री १२:५२

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून धागा काढतोय, चुकीच्या विभागात असेल तर हलवा. व्हॅलोरंट खेळतो, पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा गेम, रँक डायमंड, आणि बरेच महिने डायमंडच. रोज रात्री तेच. सोलो क्यू लावायची, म्हणजे एकट्याने मॅच शोधायची, चार अनोळखी माणसं मिळायची, त्यातला एक पहिल्याच राउंडला मरून शिव्या घालणार, एक जण माइकवर कुरकुरीत काहीतरी खाणार, एकाच्या घरी कुकरच्या शिट्ट्या, आणि चौथा बोलतच नाही, तो माणूस आहे की नाही हेही कळत नाही. मग ११-१३ ने हरायचं आणि स्कोअरबोर्ड उघडला की सगळ्यात वर माझं नाव.

माझा एम, म्हणजे नेम, चांगला आहे, हे मी नाही म्हणत, मॅच संपल्यावर समोरचे चॅटमधे लिहून जातात. पण आमच्या ऑफिसात एक जण आहे, त्याचा एम माझ्या निम्माही नसेल, तो डायमंडच्या वरच्या असेंडंट रँकला पोचला आणि आता चहाच्या वेळी मला सांगतो की “तुला टीमवर्क येत नाही म्हणून अडकलायस”. अरे, टीमच नाहीये तर वर्क कुठनं आणू?

तर प्रश्न सरळ आहे. टीमवर्क खरंच काही असतं, की एम नसलेल्या लोकांनी काढलेली पळवाट आहे? डोटावाले, काउंटर स्ट्राइकवाले, बीजीएमआयवाले सगळे या. मोबाइल गेमला नावं ठेवणार नाही, प्रॉमिस.

---

कोपरी_ईस्ट
सोम, रात्री १२:५९

पळवाट. पुढचा प्रश्न.

---

वाशी_कॅफेवाला
सोम, रात्री १:२०

आत्ताच शटर ओढलं, झोप येत नाहीये म्हणून लिहितो. कॅफेचं नाव नाही सांगत, उगाच जाहिरात होईल. पण धंदाच असा आहे की रोज पोरांच्या पाठीमागे उभा राहून बघतो, खेळणाऱ्याला जे दिसत नाही ते मागे उभ्या असलेल्याला दिसतं.

एक ग्रुप येतो, पाचही जणांचा एम कडक. शेजारी शेजारी बसतात. मधला एकदम ओरडतो, “अरे इथे आहे, इथे इथे! मागे मागे मागे!” आता इथे म्हणजे कुठे बाबा, आणि मागे म्हणजे कोणाच्या मागे? उरलेले चौघं माना वळवून त्याच्या स्क्रीनकडे बघतात आणि तेवढ्यात दोघं आडवे. घरून खेळत असतील तर मान वळवायचीही सोय नाही.

दुसरा ग्रुप कोपरखैरण्याचा. एम म्हणाल तर ठीकठाक. पण त्यांच्यात जो मरतो तो तीनच गोष्टी बोलतो, जागा, एजंट (म्हणजे समोरचं कॅरेक्टर) आणि किती डॅमेज केलं. “बी मेन, रेझ, ८४.” संपलं, पुढे चिडीचूप. मेलेल्याने गप्प बसायचं हे त्यांचं ठरलेलं आहे कारण जो जिवंत आहे त्याला पावलांचा आवाज ऐकायचा असतो. आणि ८४ म्हटल्यावर जिवंत असलेल्याला कळतं की समोरच्यात अर्ध्याहून कमी जीव उरलाय, आता डोकंच टिपायची गरज नाही, छातीला दोन लागल्या तरी काम होईल. कॅफेत आपापसात मॅच लावली की पहिला ग्रुप या दुसऱ्यांकडून हरतो, आणि हरल्यावर माउसला नावं ठेवतो. माउस माझेच आहेत, सगळे सारखे आहेत.

---

घणसोली_डायमंड
सोम, रात्री १:२६

दादा ते पाच मित्र आहेत हो. मी सोलोबद्दल विचारतोय. अनोळखी माणसाला “मेल्यावर गप्प बस” म्हटलं तर तो उरलेली मॅच मुद्दाम गाणी लावतो.

---

स्मोक_टाक_भावा
सोम, रात्री १:४४

डायमंड भावा, तू स्कोअरबोर्ड बघतोयस, टाइमलाइन बघ. मॅच हिस्टरीत प्रत्येक राउंड दिसतो, कोण कधी मेलं ते सगळं. एक हरलेली मॅच उघड आणि फक्त एवढंच तपास, तुझे किल कधी झाले? पाच विरुद्ध पाच असताना, की आपले तिघं मेल्यावर?

पहिला किल म्हणजे ५-५ चं ५-४. त्याची किंमत वेगळी. आणि राउंड हातातून गेल्यावर शेवटी दोन उडवले, तर स्कोअरबोर्डवर तेही दोनच दिसतात. स्कोअरबोर्डला काय कळतंय.

आता ट्रेडचं, म्हणजे आपल्या माणसाला मारणाऱ्याला लगेच मारण्याचं, सांगतो कारण सगळा खेळ तिथे आहे असं माझं प्रामाणिक मत आहे. आपला माणूस कोपऱ्यावरून आत घुसला आणि मेला. ज्याने मारलं त्याची जागा आता कळलीये, बंदूक अजून त्याच बाजूला वळलेली आहे, मॅगझिनमधल्या गोळ्या गेल्यात, कदाचित थोडं डॅमेजही खाल्लंय. या क्षणी तू मागून आत आलास तर तो तुला फुकट मिळतो, एम डायमंडचा असो की सिल्व्हरचा. पण तू जर नकाशाच्या दुसऱ्या टोकाला एकटा फिरत असशील, तर तोच माणूस आरामात गोळ्या भरून, जागा बदलून, तुझी वाट बघत बसतो. तेव्हा मात्र तुला खरोखर एम लागतो. म्हणजे टीमपासून लांब राहून तू स्वतःच प्रत्येक फाइट अवघड करून घेतोस आणि मग ती जिंकलीस की म्हणतोस बघा माझा एम.

तू जेट किंवा रेनाच, म्हणजे पुढे घुसून मारणारा एजंटच खेळत असणार, पैज.

---

घणसोली_डायमंड
सोम, रात्री १:५३

रेना. पण ते जाऊ दे.

शेवटचे किल फुकट असतात हे मला अजिबात पटत नाही हां. राउंड हरलो तरी समोरचा जिवंत राहिला की बंदूक घेऊन पुढच्या राउंडला येतो. व्हँडल बंदूक २९०० ची, मोठं शील्ड १००० चं. दोघांना पळताना मारलं तर समोरच्या टीमचे ७८०० क्रेडिट्स गेले. हे टीमसाठी नाही तर कोणासाठी केलं मी?

---

स्मोक_टाक_भावा
सोम, रात्री २:०१

हा मुद्दा १०० टक्के बरोबर आहे आणि तो तुला सुचला म्हणजे तुला गेम कळतो. मग आता तोच हिशोब आपल्या बाजूने कर की.

राउंड हरलं की १९०० मिळतात, लागोपाठ दुसरं हरलं तर २४००, तिसरं हरलं तर २९००. जिंकलं तर ३०००. बंदूक आणि शील्ड मिळून ३९००, स्मोक-फ्लॅश (धूर आणि डोळे दिपवणारा झोत) वेगळे. म्हणजे हरल्यावर प्रत्येकाने मनाला येईल तसं घेतलं तर या राउंडला दोघांकडे व्हँडल, तिघांकडे पिस्तूल, पुढच्या राउंडला उलटं, आणि तुम्ही कधीच पाच बंदुका घेऊन मैदानात येत नाही. पाचही जणांनी एक राउंड पोटाला चिमटा काढला तर पुढच्याला सगळे भरलेले असतात. याला माइक लागत नाही. भाषा लागत नाही. खरेदीच्या वेळी टॅब दाबून बाकीच्यांचे पैसे बघायचे, बस. आणि तुझ्याकडे जास्त असतील तर एकाला बंदूक विकत घेऊन दे. पैसे ९००० च्या वर साठतही नाहीत.

खरं सांग, किती वेळा बाकीचे चौघं सेव्ह करत असताना तू एकट्याने व्हँडल घेतलीस?

---

कोपरी_ईस्ट
सोम, रात्री २:०५

आता तो झोपला असेल 😂

---

सपोर्ट_मावशी
मंगळ, सकाळी ६:४०

सकाळी डबे करता करता वाचला धागा. मी डोटावाली, जुनी. नौपाड्यात एका जिन्याखालच्या कॅफेत वॉरक्राफ्टचा मॅप म्हणून डोटा खेळायचो तेव्हापासूनची, त्या काळी तिथे मी एकटीच मुलगी आणि कॅफेवाले काका मला “ताई, प्रिंटआउट काढायचीये का” विचारायचे. आता नवऱ्याला माहीत आहे, सासूबाईंना नाही.

मी कायम पोझिशन ५. ज्यांना डोटा माहीत नाही त्यांच्यासाठी, टीममधला सगळ्यात गरीब माणूस. वॉर्ड, म्हणजे नकाशावर नजर ठेवणाऱ्या वस्तू, लावायचे, दुसऱ्याला वाचवताना मरायचं, सोनं कॅरीला, म्हणजे पुढे मारामारी जिंकून देणाऱ्याला, द्यायचं. जंगलातल्या प्राण्यांचा कँप रिकामा असेल तर दर मिनिटाला नवीन भरतो. मग मिनिट पूर्ण व्हायला पाच-सात सेकंद असताना, म्हणजे घड्याळात साधारण ५३-५५ झाले की जाऊन त्या प्राण्यांना टपली मारायची, ते तुमच्या मागे धावत बाहेर येतात, गेमला वाटतं कँप रिकामा झाला, तिथे नवीन तयार होतात. आता एकात दोन. पुढच्या मिनिटाला परत केलं की तीन. असा साठा करून ठेवायचा आणि कॅरी येऊन एका झटक्यात खाऊन जाणार, बहुतेक सोनं त्याच्या खिशात. दहा मिनिटांनी तो एकटा तिघांना मारतो आणि सगळे म्हणतात वा काय कॅरी आहे! त्याचं कौशल्य खोटं आहे असं नाही म्हणत मी, पण त्याच्या तलवारीचे पैसे कोणी साठवले ते स्कोअरबोर्डवर नसतं.

आणि पळवाट म्हणणाऱ्या कोपरीकरांनी ओजी या टीमचा २०१८ चा किस्सा बघावा. द इंटरनॅशनल, म्हणजे डोटाची सगळ्यात मोठी स्पर्धा, त्याच्या दोन-तीन महिने आधी दोन खेळाडू टीम सोडून गेले. पूर्वीचा कोच सेब स्वतः खेळायला बसला होता, अ‍ॅना परत आला, टॉपसन नावाचा पोरगा घेतला ज्याला मोठ्या स्टेजचा अनुभव जवळजवळ शून्य. ओपन क्वालिफायरपासून सुरुवात, जिथे कोणीही नाव नोंदवू शकतं. आणि व्हँकुव्हरला फायनलमधे पीएसजी.एलजीडीला ३-२ ने हरवून जिंकले. लोक म्हणाले नशीब. पुढच्या वर्षी शांघायला तेच पाच जण, परत जिंकले. तोपर्यंत दोनदा कोणीच जिंकलं नव्हतं. कागदावर त्यांच्याहून भारी टीम होत्या की.

चला, बेल वाजली, दूधवाला.

---

कोपरी_ईस्ट
मंगळ, दुपारी १:१५

मावशी मान आहे तुम्हाला, पण मी काउंटर स्ट्राइकवाला. सिंपल बघा सिंपल, आमच्या गेममधला खेळाडू. माणूस एकटा राउंड फिरवतो. असा माणूस टीममधे असला की बाकीच्यांनी नुसतं उभं राहायचं.

---

स्मोक_टाक_भावा
मंगळ, दुपारी १:३२

सिंपलचंच उदाहरण घेतलंस म्हणून बरं झालं.

२०१८. एचएलटीव्ही या काउंटर स्ट्राइकच्या साइटच्या यादीत वर्षाचा पहिल्या नंबरचा खेळाडू कोण? सिंपल. त्याच वर्षी लंडनच्या मेजरच्या, म्हणजे काउंटर स्ट्राइकच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या, फायनलला कोण होतं? सिंपलची टीम नावी. समोर अ‍ॅस्ट्रालिस. निकाल २-० अ‍ॅस्ट्रालिस. जगातला सगळ्यात भारी खेळाडू एका बाजूला आणि जगातली सगळ्यात भारी टीम दुसऱ्या बाजूला, आणि एक मॅपसुद्धा मिळाला नाही. अ‍ॅस्ट्रालिसने अशा चार मेजर काढल्या, अटलांटा २०१७, लंडन २०१८, मग २०१९ ला कातोवित्से आणि बर्लिन. त्यांचे जुने डेमो (मॅचची रेकॉर्डिंग) बघ कधीतरी. कोणीही एकटा कोपऱ्यावर जात नाही, आधी फ्लॅश जातो, मग माणूस जातो, आणि फ्लॅश टाकणारा दुसराच असतो.

सिंपलला मेजर मिळाली २०२१ ला, स्टॉकहोमला. तेव्हा नावी अख्ख्या स्पर्धेत एकही मॅप हरली नाही आणि हा एमव्हीपी, म्हणजे स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. म्हणजे माणूस तोच, हात तोच.

---

कोपरी_ईस्ट
मंगळ, दुपारी १:४०

पण सिंपल काढून तिथे मला बसवला असता तर जिंकली असती का नावी? नाही ना? मग कौशल्यच आलं ना शेवटी.

---

स्मोक_टाक_भावा
मंगळ, दुपारी १:४१

तुला बसवला असता तर विमानातच हरली असती.

---

ऐरोली_कोडर
मंगळ, रात्री ९:१०

ट्रेनमधून उतरलो, आता निवांत टाइप करतो. कोपरीचा प्रश्न वाटतो तेवढा फालतू नाहीये. कौशल्य लागतंच. पण धागाकर्त्याचा प्रश्न काय आहे, की मी अडकलो का? त्याचं उत्तर मॅचमेकिंगच्या गणितात आहे.

बुद्धिबळातलं एलो रेटिंग सगळ्यांनी ऐकलं असेल, आर्पाड एलो यांचं, जागतिक बुद्धिबळ संघटना फिडेने १९७० ला घेतलं. तिथे एकास एक. ४०० पॉइंटचा फरक असला की वरच्याला अपेक्षा साधारण दहास एक. टीम गेमला हे जसंच्या तसं चालत नाही म्हणून मायक्रोसॉफ्टच्या रिसर्चवाल्यांनी एक्सबॉक्स लाइव्हसाठी ट्रूस्किल काढलं. त्यात टीमची ताकद म्हणजे खेळाडूंच्या ताकदीची सरळ बेरीज धरतात. बेरीज! म्हणजे पाच जणांचं एकमेकांशी किती जमतं हे त्या आकड्यात कुठेच नाही. प्रत्येक गेमची पद्धत वेगळी असते, पण गाभा असाच काहीतरी.

आता बघ. सिस्टीमचं काम काय? दोन्हीकडची बेरीज सारखी करणं. तुझा एम डायमंडच्या लायकीचा आहे म्हणून तर तू डायमंडमधे आहेस, आणि समोरच्या पाच जणांचाही तेवढाच आहे, सिस्टीमने निवडूनच बसवलेत. म्हणजे एमचा फायदा आधीच कापून घेतलेला आहे. मॅच सुरू व्हायच्या आधी. मग जिंकायला उरतं काय? जे बेरजेत धरलेलं नाही ते. ऑफिसातला तो तुझा मित्र निम्म्या एमवर असेंडंटला गेला याचं मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

आणि टीममेट घाण मिळतात हे रडगाणं, तर तुझ्या टीममधे अनोळखी चार आहेत, समोरच्या टीममधे पाच. तू स्वतः घाण नसशील तर घाण माणूस समोर पडायची शक्यता जास्त. एका रात्रीत नाही दिसणार, पण महिनाभरात दिसतं.

थोडं विषयांतर, पण मावशींनी ओजी काढलं म्हणून. एप्रिल २०१९ ला याच ओजीला ओपनएआयच्या बॉट्सनी सॅन फ्रान्सिस्कोमधे २-० ने हरवलं होतं. पाच बॉट, पाच वेगळे हिरो. दिवसाला सरासरी २५० वर्षांएवढा डोटा स्वतःशीच खेळून शिकायचे ते. पण मजा पुढे आहे, त्या पाच जणांत आपापसात बोलायची सोयच ठेवली नव्हती. माइक नाही, पिंग (बटणाने नकाशावर खूण) नाही, काही नाही. त्याऐवजी एक आकडा होता, टीम स्पिरिट नावाचा, ० ते १. शून्य म्हणजे बक्षीस फक्त स्वतःच्या कामगिरीचं, एक म्हणजे सगळ्यांच्या बक्षिसाची सरासरी. आणि ट्रेनिंग सुरू केलं शून्याकडून, हळूहळू एकाकडे नेलं. आधी स्वार्थी बनवून स्वतःचं काम शिकवलं, मग वाटून घ्यायला लावलं.

---

सपोर्ट_मावशी
मंगळ, रात्री ९:३५

म्हणजे बॉटला सुद्धा आधी हात साफ करायला लागला, मग अक्कल आली. आमच्याकडे कॅरी लोक पहिल्या टप्प्यातच राहतात.

---

माइक_बंद
मंगळ, रात्री ११:०५

बॉट बोलत नव्हते हे वाचून बरं वाटलं कारण मी पण बोलत नाही.

खारघरला राहते, तीन-चार गेम खेळते, आणि वर कोणीतरी लिहिलंय ना की “चौथा बोलतच नाही, माणूस आहे की नाही कळत नाही”, ती मी असू शकते. मी माइक ऑन करून “दोन ए ला” एवढं बोलले की पुढची पाच मिनिटं ए ला कोण आहे यावर कोणी बोलत नाही, अरे मुलगी आहे, कुठून आहेस, इन्स्टा दे, आणि हरायला लागलो की मग जे काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यामुळे मी ऐकते सगळं, बोलत काही नाही. टीमवर्क टीमवर्क म्हणताना टीममधल्या एकीने तोंड बंद ठेवलेलं परवडतं का तुम्हाला? माझ्याकडे माहिती असते हो. मी बघितलेलं असतं तो कुठून येतोय ते.

म्हणून मला पिंग आवडतो. एपेक्स लेजंड्स फेब्रुवारी २०१९ ला आला तेव्हा त्यात एकाच बटणाने शत्रू इथे, बंदूक इथे, मी इकडे जाते, हे सगळं दाखवता यायचं आणि तुमचं कॅरेक्टर ते बोलून पण दाखवायचं. पहिल्यांदा अनोळखी दोघांबरोबर एक शब्द न बोलता जिंकले. व्हॅलोरंटमधेही पिंग आहे, कोणी बघत नाही ही गोष्ट वेगळी.

---

वाशी_कॅफेवाला
मंगळ, रात्री ११:२०

ताई हे खरं आहे. कॅफेतही मुली हेडफोन लावतात आणि माइकची दांडी वर फिरवून ठेवतात. मी पहिल्यांदा समजलो माइक बिघडलाय, बदलून द्यायला गेलो.

---

घणसोली_डायमंड
मंगळ, रात्री ११:३४

@माइक_बंद, त्या वाक्यात तसा काही उद्देश नव्हता. पण पिंगकडे बघत नाहीत हे खरंय, मी पण मिनीमॅप फार बघत नाही, क्रॉसहेअरवर नजर असते.

---

स्मोक_टाक_भावा
मंगळ, रात्री ११:३५

मिनीमॅप फार बघत नाही म्हणे. नोंद घेतली.

---

नेरूळचे_बाबा
बुध, सकाळी १०:२२

नमस्कार. मी स्वतः खेळत नाही, माझा मुलगा बारावीला आहे आणि बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरचा पब्जी, खेळतो. २ सप्टेंबर २०२० ला पब्जीवर बंदी आली तेव्हा मी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. पुढच्या जुलैत हा नवीन नावाने आला, २०२२ च्या जुलैत परत गेला, २०२३ च्या मे महिन्यात परत आला. आता मी नाद सोडलाय. माझा प्रश्न असा की रात्री अकरा वाजता तो “रिव्हाइव्ह दे, अरे रिव्हाइव्ह दे ना” असं कळवळून ओरडतो, शेजारचे विचारतात सगळं ठीक आहे ना. यात टीमवर्क आहे की नुसती आरडाओरड, हे जाणकारांनी सांगावे. उपहास नाही, खरंच विचारतोय.

---

ऐरोली_कोडर
बुध, सकाळी १०:५०

काका, आहे टीमवर्क. स्क्वॉडमधे चार जण असतात. गोळ्या लागल्या की लगेच मरत नाही, गुडघ्यावर येतो, त्याला नॉक म्हणतात, आणि जीव हळूहळू कमी होत जातो. तेवढ्यात जोडीदाराने येऊन काही सेकंद शेजारी बसून उचललं तर तो परत खेळात. पण उचलणारा त्या सेकंदांत गोळी चालवू शकत नाही, म्हणून तिसऱ्याने धूर सोडायचा, चौथ्याने लक्ष ठेवायचं. आणि चारही जण पडले की सगळे एकदम बाद. तो कळवळतो कारण त्याचं जगणं दुसऱ्याच्या हातात आहे.

स्पर्धांमधेही पहिल्या नंबरला १० पॉइंट आणि प्रत्येक फिनिशला, म्हणजे मारलेल्या शत्रूला, १, म्हणजे भरपूर फिनिश घेऊन कोणी लवकर बाद झाला तर पॉइंट मिळतात, पण शेवटपर्यंत टिकणारा शांत स्क्वॉड पुढे जाऊ शकतो. एका मॅचवर ठरत नाही, सगळ्या मॅचची बेरीज.

बारावीचं मात्र तुमचं तुम्ही बघा.

---

नेरूळचे_बाबा
बुध, सकाळी ११:१५

धन्यवाद. अभ्यासात याला कोणी रिव्हाइव्ह देणार नाही हे मी त्याला आज सांगणार आहे.

---

तलावपाळी_४२०
बुध, दुपारी ४:००

एवढं काय काय लिहिताय, ठाण्याचे ना तुम्ही? दहीहंडी बघा की. वरचा पोरगा हंडी फोडतो, फोटो त्याचा येतो, पण खालचा थर हलला तर? तेच टीमवर्क, विषय संपला.

---

माइक_बंद
बुध, दुपारी ४:४५

नाही जमत हे. हंडी तुमच्या थराला पाडायचा प्रयत्न करत नाही. गेममधे समोर पाच जण आहेत जे तुमचा प्लॅन बघून बदलतात. खालचा थर नुसता घट्ट उभा राहून चालत नाही, राउंडच्या मधे एखाद्याला थर सोडून पळावंच लागतं आणि तेव्हा बाकीच्यांनी ओरडायचं नसतं. सगळ्यांनी ठरलेलंच करायचं असेल तर समोरचा तीन राउंडमधे ओळखतो.

---

कोपरी_ईस्ट
बुध, दुपारी ४:५२

थँक यू! हेच म्हणतोय मी दोन दिवस. एकट्याने काहीतरी वेगळं करणं हे पण लागतं.

---

सपोर्ट_मावशी
बुध, रात्री १०:१०

लागतंच की, नाही कोण म्हणतंय. प्रश्न पाचही जणांना एकदम वेगळं करायची हुक्की येते तेव्हाचा आहे.

मुलीच्या मानसशास्त्राच्या अभ्यासात एक संशोधन वाचलं होतं, २०१४ चं, रॉडरिक स्वाब आणि त्यांच्या सोबत्यांचं. फुटबॉल आणि बास्केटबॉलमधे एका मर्यादेपर्यंत भारी खेळाडू वाढवले की टीम सुधारते, त्यापुढे आणखी स्टार भरले की उलट खाली येते. पण बेसबॉलमधे तसं होत नाही. तिथे एकाचं काम दुसऱ्यावर फारसं अवलंबून नाही, एक जण फेकतो, एक मारतो, ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे कौशल्य मोठं की टीम, याला एकच उत्तर नाही, खेळ कसा बांधलाय त्यावर आहे.

डोटात तर डोळ्यांनी दिसतं. नकाशावर सोनं तेवढंच. पाच कॅरी घेतले तर पाचही अर्धपोटी. मी मुद्दाम रँक्ड खेळाडूंच्या मॅच बघते, जिथे पाचही जण स्वतःला कॅरी समजतात तिथे तिसाव्या मिनिटाला एकाकडेही धड हत्यार नसतं आणि चॅटमधे मात्र पाच प्रशिक्षक.

---

ऐरोली_कोडर
बुध, रात्री १०:३०

+१. एक पुरवणी. व्हॅलोरंटच्या रँक्डमधे एकटे, दोघं, तिघं किंवा पाच जण जाऊ शकता, चौघं नाही. कारण सरळ आहे, चार मित्र आणि एक परका आला की त्या पाचव्याचे हाल कुत्रा खात नाही, सगळं खापर त्याच्यावर. टीमवर्कला ही पण एक बाजू आहे, चौघांचं फार जमलं की पाचवा बळी.

---

घणसोली_डायमंड
गुरु, रात्री १२:१५

सगळे प्रतिसाद वाचले. टाइमलाइन पण बघितली. मत बदललं असं काही नाही, एम आधी हे माझं कायम आहे, एम नसेल तर ट्रेड करायला गेलेला पण मरतोच. पण ते “इथे इथे” वालं वाचल्यापासून माझ्याच जुन्या क्लिप ऐकवत नाहीयेत.

शनिवारी रात्री पाच जणांची टीम करून बघू का? सोलो नको. वाशीच्या कॅफेत, दादा पीसी द्याल ना?

---

वाशी_कॅफेवाला
गुरु, रात्री १२:२०

देतो, नऊनंतर या. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर फक्त पंखे चालतात, आधीच सांगतोय.

---

स्मोक_टाक_भावा
गुरु, रात्री १२:२६

मी येतो. स्मोक माझे. ऐरोली, माइक बंद, कोपरी, डायमंड, झाले पाच. मावशी व्हॅलोरंट खेळत नाहीत ना?

---

सपोर्ट_मावशी
गुरु, सकाळी ६:३५

नाही रे बाबांनो, तुमचा गेम फार पटकन संपतो. डबे करायचे असतात मला.

---

माइक_बंद
गुरु, सकाळी ९:००

येते. मी सेज. शेजारी बसणार असू तर माइक चालू ठेवेन. पार्टी चॅट (आपल्या पाच जणांपुरतं) ठेवा फक्त.

---

ऐरोली_कोडर
गुरु, सकाळी ९:४०

मी किलजॉय. दोन ड्युलिस्ट (घुसून मारणारे एजंट) एकदम नको, डायमंड किंवा कोपरी, कोणीतरी एकाने सोव्हा घ्या. माहिती आणणारं कोणीच नाहीये.

---

घणसोली_डायमंड
गुरु, सकाळी १०:०५

कोपरी घेईल सोव्हा.

---

कोपरी_ईस्ट
गुरु, सकाळी १०:०६

मी जेट.

---

घणसोली_डायमंड
गुरु, सकाळी १०:३१

बरं घेतो सोव्हा. पहिल्या मॅपपुरता. आणि तू मेलास की गप्प बसायचं.

---

कोपरी_ईस्ट
गुरु, सकाळी १०:३२

आधी मरू तर दे.